स्टार ट्रेक (मूळ मालिका)
अमेरिकन विज्ञानकथा दूरचित्रवाणी मालिका. जनक जीन रॉडनबेरी. एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात तिचे ७९ भाग प्रसारित झाले. तेविसाव्या शतकातील ‘एंटरप्राइज’ या अंतराळयानावर कथा घडते. कप्तान कर्क (विल्यम शॅटनर) व स्पॉक (लेनर्ड निमॉय) ही प्रमुख पात्रे होत.

निर्मितीतील अनेक बारकावे चाहत्यांना तोंडपाठ असतात. दर भागात यान ग्रहावर उतरवण्याचे चित्रीकरण खर्चिक ठरले असते, म्हणून माणसांना क्षणात खाली पोहोचवणारे ‘ट्रान्सपोर्टर’ यंत्र योजण्यात आले. ‘द मॅन ट्रॅप’ या भागासाठी नव्या धाटणीच्या मीठदाण्या आणल्या होत्या. पण त्या मीठदाण्या वाटेनात, तेव्हा यानावरील डॉक्टर मकॉयची वैद्यकीय उपकरणे म्हणून त्याच वापरल्या गेल्या. स्पॉकचा मधली दोन बोटे फाकवून केलेला अभिवादनाचा हात निमॉय यांनी लहानपणी सिनेगॉगमध्ये पाहिलेल्या ज्यू पुरोहितांच्या आशीर्वादमुद्रेवरून घेतला.

चाहत्यांच्या पत्रमोहिमेमुळे नासाच्या पहिल्या स्पेस शटलला १९७६ मध्ये ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले. ते चाचणीयान असल्याने अवकाशात मात्र कधीच गेले नाही.