सुपारी : घरोघरचा कर्कजनक पदार्थ

कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांना कर्कजनक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था पुराव्यानुसार अशा पदार्थांचे गट पाडते. मानवी कर्करोगाशी ज्यांचा संबंध पुरेशा पुराव्यानिशी सिद्ध झाला आहे, ते पहिल्या गटात येतात. तंबाखू, मद्य, बुरशी लागलेल्या शेंगदाण्यांत व मक्यात सापडणारे अफ्लाटॉक्सिन आणि २०१५ पासून प्रक्रिया केलेले मांस हे या गटात आहेत. मात्र गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याची तीव्रता नव्हे. सॉसेज आणि सिगारेट एकाच गटात असली तरी दोघांचा धोका सारखा नसतो.

याच पहिल्या गटात सुपारीही आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. तंबाखूयुक्त विड्याचे घातक स्वरूप आधीच मान्य झाले होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात तंबाखूविरहित विडा आणि खुद्द सुपारी यांनाही कर्कजनक ठरवण्यात आले. गोव्यातील कुळागरांत ज्या पिकावर अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, त्याविषयी असे लिहिणे सुखावह नाही. पूजेत मांडलेल्या सुपारीचा येथे प्रश्न नाही. प्रश्न रोज चघळल्या जाणाऱ्या सुपारीचा आहे.

सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य तोंडाच्या आतील त्वचेखालील पेशींना जादा कोलॅजन तयार करण्यास प्रवृत्त करते. सुपारीतील तांबे त्या तंतूंची वीण अधिक घट्ट करते. हळूहळू गालांची आतली बाजू पांढुरकी व ताठर होते, तिखट खाताच आग होते आणि तोंड पूर्ण उघडेनासे होते. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये हा विकार १९५२ साली नोंदवला गेला. पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचे वर्णन केले. सुपारी सोडल्यावर रोगाची वाढ मंदावू शकते, पण आलेला ताठरपणा सहसा पूर्णपणे जात नाही, आणि अशा काही रुग्णांना पुढे तोंडाचा कर्करोग होतो. म्हणूनच मुलांच्या हाती सहज पडणारी गोड सुपारीची पुडी चिंतेची बाब आहे. पुडीवरील ‘तंबाखूविरहित’ हा शब्द खरा असला तरी आतल्या सुपारीविषयी तो काहीच सांगत नाही.

कर्करोग टाळणाऱ्या एखाद्या गोळीवर भरवसा ठेवण्याचा मोहही अनेकांना होतो. फिनलंडमध्ये सुमारे २९ हजार पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९४ साली जाहीर झाला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुफ्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी वाढलेले आढळले. गाजर किंवा भोपळा खाणे आणि त्यातील एक द्रव्य मोठ्या मात्रेत गिळणे या भिन्न गोष्टी आहेत. हळदीतील कर्क्युमिनविषयीचे प्रयोगशाळेतील निष्कर्ष उत्साहवर्धक असले, तरी माणसांत ते कर्करोग टाळते असे सिद्ध झालेले नाही.

दीर्घकाळ सुपारी खाणाऱ्याने आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये जातात का, हे पाहावे. ती जात नसतील, तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसत असेल, किंवा एखादा व्रण तीन आठवड्यांत भरून येत नसेल, तर दंतवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून थांबू नये.