पंधरा रुपयांचा परवाना आणि बातमीचा धनी

सीमाभागातील जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही कधी कधी एक वस्तू सापडते. ती म्हणजे नभोवाणी-संच बाळगण्याच्या परवान्याची पुस्तिका. आम्हांला अशी एक पुस्तिका जमिनीच्या कागदपत्रांच्या गाठोड्यात मिळाली. तीत प्रत्येक वर्षाचे एक पान होते, पानावर पोस्टाची तिकिटे होती आणि तिकिटांवर गोल शिक्के होते. रेडिओ घरात ठेवायचा तर दरवर्षी पोस्टाच्या खिडकीवर जाऊन शुल्क भरावे लागे. परवाना नसेल तर तो कायद्याने गुन्हा होता. आजच्या तरुण वाचकाला ही गोष्ट सांगितली तर त्याला थट्टा वाटते.

ती पुस्तिका चाळताना आम्हांला एक प्रश्न पडला. हे पैसे भरणारा मराठी माणूस होता, कन्नड माणूस होता, उर्दू बोलणारा होता, आणि सर्वांचे शुल्क सारखेच होते. मग त्या पैशांवर चालणाऱ्या बातमीचा धनी कोण होता? या प्रश्नाचा माग काढीत गेलो तेव्हा आम्ही थेट १९२७ सालापर्यंत पोहोचलो.

त्या वर्षी २३ जुलै रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. केंद्र सरकारचे नव्हते, ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ या खाजगी मंडळीचे होते. उत्पन्नाची योजना मात्र इंग्लंडच्या धर्तीवरची होती. श्रोत्याने वर्षाला दहा रुपये भरायचे, त्यांतील आठ कंपनीला मिळायचे, शिवाय परदेशातून येणाऱ्या संचांच्या किमतीवर दहा टक्के. हिशेब कागदावर चांगला दिसत होता, पण एवढ्या मोठ्या देशात परवानेधारकांची संख्या तीन वर्षांत आठ हजारांपर्यंतही पोहोचली नाही. चोरून ऐकणारे किती होते, याची मोजदाद कोणी केली नाही. १ मार्च १९३० रोजी कंपनीचे दिवाळे निघाले आणि १ एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १९३१ च्या ऑक्टोबरात, काटकसरीच्या नावाखाली सरकारने तोही बंद करण्याचे ठरविले होते. लोकांनी ओरड केली आणि दीड महिन्यात निर्णय मागे घ्यावा लागला. श्रोत्यांच्या आंदोलनाने वाचलेली नभोवाणी, असे तिचे वर्णन केले तर ते चुकीचे होणार नाही. नंतर आयात संचांवरील जकात पन्नास टक्क्यांवर नेली गेली, १९३३ चा कायदा झाला, परवान्याविना संच बाळगणे दंडनीय ठरले, आणि जमाखर्चाची तोंडमिळवणी होऊ लागली.

या सगळ्या गडबडीत एक गोष्ट कोणाच्या फारशी लक्षात आली नाही. श्रोता पैसे भरीत होता, ते आता सरकारी तिजोरीत जात होते, आणि तिजोरीतून किती बाहेर काढायचे हे सरकार ठरवीत होते. ज्या खात्याच्या कारभाराची बातमी द्यायची त्याच खात्याकडे पगाराची किल्ली होती. १९३५ साली बी.बी.सी.मधून लायोनेल फील्डन हे प्रसारण नियंत्रक म्हणून आले, १९३६ च्या जून महिन्यात ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. संस्था खूप वाढली, पण ही किल्ली जागची हलली नाही.

(जाता जाता एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘आकाशवाणी’ हा सुंदर शब्द आपल्याला म्हैसूरने दिला. १९३५ साली तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरी छोटे प्रक्षेपण केंद्र चालू केले होते, त्याचे हे नाव. पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीने घेतले. आमचे भांडण भाषेच्या हक्काचे आहे, शेजाऱ्याच्या थोरवीशी नाही, म्हणून हे ऋण नोंदवून ठेवतो.)

स्वातंत्र्य मिळाल्यावर तरी किल्ली हलेल, अशी अपेक्षा होती. १९४८ च्या मार्च महिन्यात घटना समितीत बोलताना पंडित नेहरूंनीच सांगितले होते की, आपली प्रसारणव्यवस्था शक्यतो बी.बी.सी.च्या नमुन्याजवळ जावी, ती अर्धस्वायत्त महामंडळाच्या हाती असावी. मात्र ते लगेच शक्य नाही, असेही ते म्हणाले. हे ‘लगेच’ किती लांबले, ते पुढे येईलच.

सीमाभागाच्या दृष्टीने या इतिहासातील सर्वांत बोलके वर्ष १९५६ आहे. त्या वर्षी १६ जानेवारीच्या रात्री नेहरूंनी आकाशवाणीवरून राज्यपुनर्रचनेचा निर्णय जाहीर केला. मुंबई शहर महाराष्ट्राला मिळणार नाही, ते केंद्राच्या ताब्यात राहील, हे मराठी माणसाने प्रथम ऐकले ते रेडिओवर. मग मुंबईत उद्रेक झाला, गोळीबार झाले, बेळगावातही माणसे पडली. १७ जानेवारी हा दिवस आम्ही सीमाभागात आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतो. निर्णय ज्या यंत्रावरून घराघरांत पोहोचला त्याच यंत्रावरून त्या निर्णयाचे उत्तर देण्याची सोय कोणालाच नव्हती. संयुक्त महाराष्ट्राची बाजू सभांतून, वृत्तपत्रांतून, शाहिरांच्या डफावरून सांगितली गेली. रेडिओवर विरोधी पक्षांना बोलण्याची अधिकृत संधी प्रथम मिळाली ती १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत, म्हणजे एकवीस वर्षांनंतर. तेव्हाचे नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठीच होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार करण्याबद्दल लोक त्यांना आठवतात. बातम्यांच्या बाबतीतील हे मौन त्याहून फार मोठे होते, परंतु गाणे बंद झालेले लगेच ऐकू येते, न दिलेली बातमी ऐकू येत नाही.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हे भाग म्हैसूर राज्यात गेले. आमच्यासाठी तो काळा दिवस. याच आठवड्यात लंडनमध्ये जे घडले ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. सुएझ कालव्यावरून ब्रिटन लढाईत उतरला होता. ३ नोव्हेंबरला पंतप्रधान अँथनी ईडन यांनी बी.बी.सी.वरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले. विरोधी पक्षनेते ह्यू गेट्सकेल यांनी उत्तराची वेळ मागितली. सैन्य रणात असताना सरकारवर टीका प्रसारित होऊ नये, असे सरकारला वाटत होते. तरीही ४ नोव्हेंबरला गेट्सकेल बोलले, युद्धाच्या विरोधात बोलले, आणि ते परदेशांतही ऐकले गेले.

हे धैर्य कोठून आले? माणसांचा वाटा होताच, पण पैशाच्या रचनेचाही होता. बी.बी.सी.ची देशांतर्गत सेवा श्रोत्यांच्या परवाना-शुल्कावर चालत होती. उलट तिच्या परदेशी भाषांतील सेवा परराष्ट्र खात्याच्या अनुदानावर चालत होत्या. ईडन सरकारचा राग निघाला तो नेमका दुसऱ्या थैलीवर. त्या सेवांच्या अनुदानात कपातीची भाषा झाली आणि परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी त्यांच्या कचेरीत देखरेखीला बसविण्यात आला. संस्था एक होती, तत्त्वे एक होती, पण जिथे सरकारचा हात थैलीपर्यंत पोहोचत होता तिथेच तो गेला. त्या परदेशी सेवांत तेव्हा मराठीही होती. महायुद्धाच्या काळात सुरू झालेली ती सेवा १९५८ साली बंद झाली. २०१७ साली ती पुन्हा उभी राहिली तीही ब्रिटिश सरकारने दिलेल्या वेगळ्या निधीवर.

आता कोणी म्हणेल की, मग परवाना-शुल्क हेच सगळ्यावरचे औषध. आम्हांला ते मान्य नाही. १९२६ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बी.बी.सी.ने मजूर पक्षाचे नेते रॅमसे मॅकडोनल्ड यांना बोलू दिले नव्हते, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहनही आरंभी रोखून धरले होते. शुल्काचा दर ठरविणारे शेवटी सरकारच असते. आणि आपल्याकडचे उदाहरण तर अधिक स्पष्ट आहे. शुल्क आपणही भरीत होतो. मुंबईत दहा रुपयांपासून सुरू झालेले हे शुल्क पुढे पंधरा रुपये झाले, परवान्यांची संख्या लाखांत आणि मग कोटीत गेली, तरी आकाशवाणी निःपक्ष झाली नाही. कारण पैसा श्रोत्याकडून संस्थेकडे सरळ जात नव्हता, मध्ये तिजोरी होती. प्रश्न पैसा कोणाचा हा नाही, तो कोणाच्या हातातून जातो हा आहे.

१९६४ साली अशोक चंदा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९६६ साली तिने आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी यांची वेगवेगळी स्वायत्त महामंडळे करावीत असे सुचविले. सरकारने त्यातून घेतले ते सोयीचे तेवढे. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, त्याही प्रथम मुंबई, पुणे आणि नागपूर या तीन मराठी शहरांतून. उत्पन्नाची नवी वाट मिळाली, स्वायत्तता राहून गेली. त्याच सुमारास आकाशवाणीची आचारसंहिता घडली. धर्मावर हल्ला नको, अश्लीलता नको, हिंसेला चिथावणी नको, ही कलमे कोणालाही पटावीत अशीच. परंतु तीतच पक्षाचे नाव घेऊन टीका नको, आणि कोणत्याही राज्यावर वा केंद्रावर विरोधी टीका नको, असेही लिहिलेले होते. सीमाप्रश्न म्हणजे काय? एका राज्याच्या धोरणाविरुद्ध तेथील नागरिकांची तक्रार, आणि ती तक्रार सोडविण्यास केंद्राने लावलेला विलंब. या कलमाच्या चौकटीत तो प्रश्न मांडायचा तर जीभ कापूनच मांडावा लागला असता.

आमच्या भागात धारवाड, पुणे आणि सांगली ही तिन्ही केंद्रे ऐकली जात. धारवाड १९५० चे, पुणे १९५३ चे, सांगली १९६३ चे. मराठी बातमीपत्रासाठी सुई पुण्या-सांगलीकडे फिरवायची, हवामान आणि बाजारभावासाठी जवळच्या केंद्राकडे, हा आमच्या मागच्या पिढीचा रोजचा क्रम होता. आपल्याच गावात काल काय घडले ते मात्र यांपैकी कोठेच सांगितले जात नसे. जवळच्या केंद्राला आमची भाषा परकी, दूरच्या केंद्राला आमचा जिल्हा परका. पोस्टाच्या खिडकीवर आम्ही परके नव्हतो.

२६ जून १९७५ रोजी सकाळी आणीबाणीची घोषणा आकाशवाणीवरूनच झाली. त्यानंतर काही दिवसांतच माहिती व नभोवाणी मंत्री इंद्रकुमार गुजराल यांना त्या खात्यातून हलवून विद्याचरण शुक्ल यांना आणले गेले. पुढील एकवीस महिन्यांचे वर्णन लोकांनी ‘ऑल इंदिरा रेडिओ’ या शब्दांनी केले, त्याहून अधिक लिहिण्याची गरज नाही. जनता सरकारने बी. जी. वर्गीज यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला. १९७८ च्या फेब्रुवारीत त्याने ‘आकाश भारती’ नावाचा राष्ट्रीय प्रसारण न्यास सुचविला आणि त्याच्या स्वातंत्र्याला घटनेचेच संरक्षण द्यावे असे म्हटले. आमच्या मते या विषयावर आपल्या देशात लिहिले गेलेले ते सर्वांत प्रामाणिक कागद आहेत. विधेयक आले ते त्याहून पातळ, आणि सरकार पडल्यावर तेही बारगळले.

आणि १९८०च्या दशकाच्या मध्यास परवानाच रद्द झाला. वसुलीचा खर्च, चुकवेगिरी, खिशात मावणारे ट्रान्झिस्टर ही कारणे खरी होती, लोकांनाही बरे वाटले. आमच्या हाती लागलेल्या पुस्तिकेची शेवटची पाने कोरी आहेत ती त्यामुळेच. पण ‘मी पैसे भरले आहेत’ असे म्हणण्याचा श्रोत्याचा शेवटचा लेखी पुरावाही त्याबरोबर गेला.

याच काळात वेल्समध्ये वेगळे घडत होते. वेल्श भाषेची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी देण्याचे वचन सरकारने मोडले तेव्हा अनेक वेल्श भाषकांनी परवाना-शुल्क भरण्यास नकार दिला, आणि १९८० साली ग्विन्फोर एव्हान्स या वृद्ध नेत्याने ६ ऑक्टोबरपासून आमरण उपोषणाची घोषणा केली. सप्टेंबरातच सरकार नमले. १ नोव्हेंबर १९८२ रोजी वाहिनी सुरू झाली. तारीख पाहून आम्हां सीमावासीयांना हसावे की रडावे कळत नाही. २०१० नंतर तिचे अनुदान कापले गेले आणि तिला बी.बी.सी.च्या परवाना-शुल्काकडे वळविण्यात आले. तेव्हा तेथे पुन्हा आंदोलन झाले, कारण दुसऱ्याच्या थैलीवर अवलंबून राहणे म्हणजे काय, हे लहान भाषेच्या माणसाला लवकर कळते.

आपल्याकडे १९९० साली प्रसार भारती कायदा संसदेत संमत झाला आणि सात वर्षे कपाटात पडून राहिला. मध्यंतरी ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला की, ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. त्या खंडपीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. १९९७ च्या सप्टेंबरात कायदा अमलात आला तेव्हा पंतप्रधान होते इंद्रकुमार गुजराल, बावीस वर्षांपूर्वी ज्यांना या खात्यातून हलविले तेच.

या कायद्याचे बारावे कलम वाचकांनी मुद्दाम वाचावे. नागरिकाला मोकळी, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळण्याच्या हक्काचे रक्षण करणे, तसेच निरनिराळ्या प्रदेशांतील संस्कृतींना आणि भाषांना पुरेसा वाव देणे ही कर्तव्ये त्यात लिहिलेली आहेत. त्यानंतर सतरावे कलम वाचावे. त्यानुसार पैसा संसदेच्या अनुदानातून येतो, म्हणजे मंत्रालयाच्या अंदाजपत्रकातून. मग तेविसावे, ज्यान्वये केंद्र सरकार संस्थेला निर्देश देऊ शकते. सॅम पित्रोदा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनेही २०१४ साली संस्थेला आर्थिक आणि प्रशासकीय मोकळीक देण्याची गरज मांडली. ती अंदाजपत्रकाची वाट आजही मंत्रालयातूनच जाते.

सीमाभागातील मराठी श्रोत्याने बाराव्या कलमाचा आधार घेऊन स्वतःच्या जिल्ह्याच्या मराठी बातमीपत्राची मागणी लेखी करावी, यासाठी आम्ही एक अर्ज तयार केला आहे. त्याला जोडावयाच्या कागदांत त्या परवाना-पुस्तिकेच्या पानांच्या प्रतीही ठेवल्या आहेत. ज्यांच्या माळ्यावर अशा आणखी पुस्तिका असतील त्यांनी त्या फेकू नयेत.