काचेच्या बशीतली कळ

तेलगावचा साखर कारखाना चालू झाला की आजूबाजूच्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. आता कल्पना करा, कोयता हाताला लागला आणि दुखलंच नाही तर? बरंच झालं की, असं वाटेल. पण मग माणूस तोडत राहील आणि जखम चिघळत जाईल. कुष्ठरोगात नेमकं हेच होतं. जंतू बोटं खात नाही, तो नसा निकामी करतो. बधिर हाताला रोज होणाऱ्या जखमा बोटं संपवतात.

तर मंडळी, नस आतून कशी मरते हे बघायचं कसं? प्रॉडक्शनवर टेस्टिंग करता येत नाही, टेस्ट सर्व्हर लागतो! तसा पहिला सर्व्हर 1907 साली अमेरिकेत रॉस हॅरिसन यांनी उभा केला. बेडकाच्या भ्रूणाचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून त्यांनी मज्जातंतू वाढताना बघितला.

आपल्या मुंबईतही असं काम झालंय. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशिर अँटिया कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करायचे. 1975 मध्ये त्यांनी 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' सुरू केलं. कुष्ठरोगाचा जंतू नुसत्या बशीत वाढतच नाही. म्हणून 1980 साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत उंदराच्या नसांचं कल्चर करून त्यावर या जंतूचा परिणाम तपासायचं तंत्र प्रसिद्ध केलं.

1997 साली कॅलिफोर्नियात डेव्हिड ज्युलियस यांच्या टीमने दुसरी वाट धरली. वेदना ओळखणाऱ्या पेशी मणक्यालगतच्या गाठींत असतात. तिथली जनुकं त्यांनी गटागटाने हेक 293 या पेशींत टाकली आणि वर मिरचीतलं कॅप्सेसिन सोडलं. ज्या गटात कॅल्शियम उसळलं तो गट पुन्हा तोडायचा, पुन्हा तपासायचा... चक्क बायनरी सर्च! शेवटी टीआरपीव्ही1 सापडलं. हा दरवाजा साधारण 43 अंशांवरच्या उष्णतेनेही उघडतो, म्हणून मिरचीने 'आग' होते. 2021 मध्ये ज्युलियस यांना नोबेल मिळालं.

मग हा दरवाजा बंद करणारी औषधं आली. माणसांवर तपासली तेव्हा काहींचा ताप चढला, काहींना चटका बसेल इतकी उष्णताही कळेना. बशीत हे दिसणं शक्यच नव्हतं, तिला ना ताप येतो ना ती चुलीपाशी जाते. म्हणजे वेदना मारायला निघालेली गाडी फिरून अँटियांच्या रुग्णांच्या बधिर हातापाशीच आली की!

असो. पुढच्या वेळी चटका बसून हात मागे घ्याल, तेव्हा त्या पेशींना मनातल्या मनात थँक्यू म्हणा.