गडाच्या पायऱ्या बांधणारी उमाबाई

चैत्र लागला की खानदेशातून नाशिककडे येणाऱ्या रस्त्यांवर पायी दिंड्या दिसू लागतात. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या बाया डोक्यावर पदर घेऊन, उन्हातान्हात दिवसचे दिवस चालत वणीच्या गडावर पोचतात. रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत तिथं मोठी यात्रा असते. आपल्या बचतगटांच्या सहलीसुद्धा गडावर जातात. म्हणून आज सप्तशृंगगडाबद्दल बोलू. देवीची कथा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त येत असेल, ती मी थोडक्यात सांगते. मला सांगायचंय ते गडाच्या पायऱ्यांबद्दल.

आपण ‘वणीची देवी’ म्हणतो, पण वणी गाव खाली राहतं, दिंडोरी तालुक्यात. गड आहे कळवण तालुक्यात. नांदुरी गावातून सुमारे दहा किलोमीटरचा घाट चढला की डोंगराच्या पठारावर वस्ती लागते. धर्मशाळा, दुकानं, एसटी, सगळं तिथवर. देवी त्याच्याही वर, उभ्या कड्याच्या पोटात. मूर्ती कुठून आणून बसवलेली नाही, कड्याच्या दगडातच ती आहे. उंची साधारण 8 फूट आणि हात 18. तिला साडी लागते 11 वार. मान किंचित कललेली. समोरच्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी बसून स्तुती गात होते, ती ऐकायला देवीनं मान वळवली, असं गडावर सांगतात. साडेतीन पीठांतलं अर्धं पीठ ते हेच.

मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लिंपला गेला होता. 2022 च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून तो उतरवला, तेव्हा हजार किलोपेक्षा जास्त निघाला. त्याखालचं मूळ रूप नवरात्रात लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. आपल्या आज्यांनी पाहिली ती मूर्ती आणि आपण आता पाहतो ती, एकच असून दिसायला वेगळी.

आता पायऱ्या. पठारावरून देवीपर्यंतचा चढ अंगावर येणारा आहे. 1883 साली इंग्रज सरकारनं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर छापलं. त्यात या पायऱ्यांची नोंद आहे: संख्या 472, बांधल्या सुमारे 1710 साली, आणि बांधणारी उमाबाई, खंडेराव दाभाडे यांची पत्नी. एवढंच. एका ओळीत बाई आली आणि गेली. (आज मोजाल तर पायऱ्या 500 च्या पुढे भरतील, पुढच्या काळात कामं होत गेली.) डोंगराच्या खालच्या टप्प्यावरच्या जुन्या पायऱ्या नाशिकच्या कोन्हेर, रुद्राजी आणि कृष्णाजी या तीन भावांनी बांधल्या. पण देवीच्या पायाशी नेणाऱ्या पायऱ्या उमाबाईंच्या.

या उमाबाई कोण? अभोण्याच्या ठोके देशमुखांची लेक. अभोणा याच कळवण तालुक्यातलं. म्हणजे सासर पार पुण्याकडे तळेगावला, पण ज्या देवीच्या डोंगराखाली ती वाढली तिथं तिनं दगड रचून घेतले. लग्न होऊन लांब गेलेली बाई माहेरच्या देवीला विसरत नाही, हे आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवायला नको.

1710 साली खंडेराव अजून सेनापती झाले नव्हते. ते पद त्यांना शाहू महाराजांनी 1717 साली दिलं. खानदेश, गुजरात या भागांत त्यांच्या स्वाऱ्या चालत. 1729 साली ते वारले आणि थोरला मुलगा त्रिंबकराव सेनापती झाला. गुजरातची चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, कोणी वसूल करायचा यावरून त्याचं पहिल्या बाजीराव पेशव्यांशी बिनसलं. 1 एप्रिल 1731 ला डभईजवळ लढाई झाली. दोन्ही बाजूंना मराठेच. त्रिंबकराव तिथं मारला गेला.

नवरा जाऊन दोन वर्षं झाली नव्हती, तोच मुलगा गेला, तोही आपल्याच राज्याच्या फौजेकडून. सेनापतीपद धाकट्या यशवंतरावाच्या नावावर आलं, पण कारभार उमाबाईंनी हातात घेतला. मराठ्यांच्या इतिहासात सेनापतीचं काम पाहणारी बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. अहमदाबादेवर चालून जाऊन त्यांनी मोगल सरदाराला नमवलं, आणि शाहू महाराजांनी त्यांच्या पायात सोन्याचे तोडे घातले, असं सांगतात. विधवा बाईच्या पायात सोनं, तेही त्या काळात! तोड्यांची गोष्ट लोकांच्या तोंडी का राहिली असेल, ते तुम्हीच ओळखा.

पुढचा काळ मात्र कठीण गेला. 1749 साली शाहू महाराज गेले आणि दाभाड्यांचा आधार तुटला. 1750 साली उमाबाई आळंदीला नानासाहेब पेशव्यांना भेटल्या, गुजरातेतला आपला हक्क सोडवायला. पेशव्यांनी ऐकलं नाही. मग त्या ताराबाईंच्या बाजूनं उभ्या राहिल्या आणि त्यांचे सरदार दमाजी गायकवाड फौज घेऊन निघाले. ते हरले. 1751 साली दाभाडे कुटुंबाला कैदेत टाकलं. 1753 साली उमाबाई पुण्यात वारल्या. गुजरातचा वाटा गेला, पदाची किंमत गेली. त्यांच्याच हाताखालच्या गायकवाडांचं पुढं बडोद्यात मोठं संस्थान झालं.

अहिल्याबाईंचे घाट आपल्याला पाठ असतात, आणि असायलाच हवेत. पण अहिल्याबाईंचा जन्म 1725 चा. त्याच्या पंधरा वर्षं आधी उमाबाईंच्या पायऱ्या झाल्या होत्या. तरी गडावर जाऊन आलेल्या किती जणींना हे नाव माहीत आहे? तुमच्या पुढच्या बैठकीत विचारून बघा.

आता गडावर फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. रुळांवरून डब्यात बसून काही मिनिटांत वर. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना, पोटुशी सुनेला तिनंच न्या, त्यात कमीपणा नाही. ज्यांना जमेल त्यांनी पायऱ्यांनी चढावं. वाटेत महिषासुराचं ठाणं लागतं, तिथं टेकता येतं. कोजागिरीला आणि चैत्री पौर्णिमेला पाय ठेवायला जागा नसते. गर्दी नको असेल तर या दोन दिवसांच्या मागेपुढे जा. पहाटे निघालात तर ऊन चढायच्या आत वर पोचाल, आणि समोर मार्कंडेयाचा डोंगर स्वच्छ दिसेल.