बोरघाट आणि स्त्री-चालक : मोटार-शर्यतींतील एका पूर्वग्रहाची चिकित्सा

रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी वसले आहेत. मुंबई-पुणे लोहमार्ग कर्जतवरून, आणि जुना महामार्ग व द्रुतगती मार्ग खालापूर तालुक्यातून घाटाकडे वळतात. वाहन चालविणाऱ्याच्या हाताची व चित्ताची परीक्षा घेणारी स्थळे पश्चिम महाराष्ट्रात जी थोडी आहेत, त्यांत या घाटाची गणना करावी लागेल. स्त्रीला वेगवान यंत्र झेपत नाही, हा मोटार-शर्यतींच्या क्षेत्रात शतकाहून अधिक काळ वावरणारा समज तपासून पाहण्यास हा प्रदेश म्हणूनच उपयुक्त ठरतो. मात्र त्यासाठी प्रथम या समजाचे मूळ पाहिले पाहिजे.

१. नियमाने केलेली बंदी

मोटार-शर्यतींचा जन्म फ्रान्समध्ये झाला आणि स्त्रियांवरील बंदीचा जन्मही तेथेच झाला. कामिय द्यु गास्त या फ्रेंच स्त्रीने १९०१ च्या पॅरिस-बर्लिन शर्यतीत भाग घेतला होता. १९०३ च्या पॅरिस-माद्रिद शर्यतीत अपघातात सापडलेल्या एका प्रतिस्पर्ध्यास साहाय्य करण्याकरिता ती वाटेत थांबली व त्यामुळे तिचा क्रमांक खाली गेला. तथापि १९०४ साली तेथे स्त्रियांना शर्यतींची दारे बंद झाली. स्त्रीस्वभावातील अस्वस्थता हे त्याचे कारण सांगण्यात आले. चालत्या शर्यतीत दुसऱ्याच्या जिवाकरिता थांबण्याइतके चित्त जिचे स्थिर होते, तिच्या डोळ्यांदेखत हे कारण पुढे करण्यात आले, हे लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे १९०८ साली स्त्रियांची स्वतंत्र शर्यत झाली व ती म्यूरिएल थॉम्प्सन हिने जिंकली. परंतु त्यानंतर दीर्घकाळ तेथील मार्ग स्त्रियांना खुला झाला नाही.

या बंदीमागील तर्कदोष सर्वांत स्पष्ट दिसतो तो ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीच्या इतिहासात. या शर्यतीत १९३० पासून स्त्रिया उतरत होत्या, आणि १९३२ साली ओदेत सिको हिने एकंदर चौथा क्रमांक मिळविला होता. पुढे १९५५ साली एका पुरुष-चालकाची मोटार प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या घटनेनंतर शर्यतींच्या सुरक्षिततेविषयी जगभर चर्चा झाली. पण पुरुष हा शर्यतीस अपात्र आहे, असा निष्कर्ष कोणी काढला नाही, व तो काढणे योग्यही झाले नसते. उलट १९५६ साली रँस येथील शर्यतीत आनी बूस्के या स्त्री-चालकाचा मृत्यू होताच ल मां येथे स्त्रियांना मज्जाव करण्यात आला, आणि तो १९७१ पर्यंत टिकला. पुरुषाचा अपघात हा त्या प्रसंगाचा दोष, आणि स्त्रीचा अपघात हा तिच्या जातीचा दोष, असे हे दुहेरी माप होय.

अनुकूल पुराव्यालाही हेच दुहेरी माप लावले गेले. पॅट मॉस हिने १९६० साली लिएज-रोम-लिएज ही अत्यंत खडतर रॅली पुरुष-स्पर्धकांना मागे टाकून जिंकली. मिशेल मूताँ १९८२ च्या जागतिक रॅली स्पर्धेत उपविजेती ठरली. असे असूनही पॅटचा सख्खा भाऊ, विख्यात चालक स्टर्लिंग मॉस, याने २०१३ साली स्त्रियांना अव्वल शर्यतीस लागणारी मनोवृत्ती नसते, असे मत जाहीरपणे मांडले. स्त्रीचा पराजय हा नियम व विजय हा अपवाद, असे एकदा ठरले की घरातील पुरावाही दिसेनासा होतो.

२. नियमाविना झालेली बंदी

भारतातील परिस्थिती वेगळी होती. १९१४ च्या मोटारगाडी कायद्याने, तसेच १९३९ व १९८८ च्या कायद्यांनी, चालकास वयाची अट घातली. स्त्री-पुरुष असा भेद केला नाही. मोटार चालविणारी भारतातील पहिली स्त्री म्हणून रतनजी दादाभाई टाटा यांच्या पत्नी सुझान यांचे नाव सांगितले जाते, व त्याचा काळ १९०५ असा दिला जातो. कायदा आड येत नव्हता. आड येत होती ती मोटारीची मालकी, तिच्या किल्लीवरील घरातील ताबा आणि लोकरूढी. युरोपात स्त्रीला शर्यतीच्या फाटकावर अडविण्यात आले. येथे ती त्या फाटकापर्यंत पोचतच नसे, म्हणून अडविण्याचा प्रसंगच क्वचित आला. राज्य परिवहनाची पहिली गाडी १९४८ साली धावली. मात्र अर्चना आत्राम यांनी सासवड-नीरा मार्गावर एस.टी. चालविली ती २०२३ साली. बंदीचा कोणताही ठळक नियम नसताना पाऊणशे वर्षे कशी जाऊ शकतात, याचे हे उदाहरण आहे.

३. खालापूरचा रस्ता : स्वतंत्र पंगत

अलीकडच्या काळात वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन या १९१९ साली स्थापन झालेल्या संस्थेने मुंबईहून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या स्त्रियांच्या मोटार-रॅली भरविल्या आहेत. लव्हासा व अँबी व्हॅली ही त्यांची गंतव्यस्थाने. मुंबईहून बोरघाटाच्या वाटेने वर जाणाऱ्या वाहनास खालापूर तालुका ओलांडावाच लागतो. या रॅलींत सर्वांत आधी पोचणाऱ्याचा जय होत नाही. ठरवून दिलेल्या सरासरी वेगाने, ठरलेल्या वेळी प्रत्येक तपासणी-नाक्यावर पोचावे लागते. लवकर पोचल्यासही गुण कापले जातात. चालक आणि मार्गदर्शक यांचे गणित व परस्परविश्वास यांवर सारे अवलंबून असते.

या उपक्रमांचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी केले पाहिजे. ज्या स्त्रियांनी कधी एकटीने घाट चढविला नव्हता, त्यांना हे पहिले दार ठरते, हा लाभ निःसंशय मोठा. परंतु चालनकौशल्याइतकेच मोटारीच्या सजावटीचे व पोशाखाचे कौतुक होऊ लागले, म्हणजे स्पर्धेचे हळदीकुंकू होते. शिवाय स्वतंत्र पंगतीतील विजयाने मूळ आक्षेपाचे निरसन होत नाही; कारण आक्षेप सामायिक कसोटीविषयीचा आहे.

४. कर्जतचा घाट : सामायिक कसोटी

अशी सामायिक कसोटी कोठे घडली, हे पाहण्यासाठी शर्यतीच्या क्षेत्राबाहेर, शेजारच्या कर्जतकडे वळावे लागते. १८६३ साली खुल्या झालेल्या येथील लोहमार्गाचा चढ काही भागांत ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. वर जाणाऱ्या गाड्यांना कर्जत येथे मागून रेटा देणारी जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली, आणि उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकांची विशेष दक्षता घ्यावी लागते. सातारा जिल्ह्यातील सुरेखा यादव १९८० नंतरच्या दशकात रेल्वेच्या इंजिनचालक झाल्या. घाटात गाडी नेण्याचे काम स्त्रीकडे सोपवावे की नाही, याविषयी त्यांच्या बाबतीतही साशंकता होती. त्यांनी आग्रह धरला, २०१० साली घाटचालकाचे विशेष प्रशिक्षण पुरे केले, आणि ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून डेक्कन क्वीन याच घाटाने मुंबईस आणली. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूरहून वंदे भारत गाडी मुंबईस नेली तीही त्यांनीच. २०२५ साली त्या निवृत्त झाल्या.

येथे स्त्रियांकरिता निराळा उतार नव्हता, निराळे वेळापत्रक नव्हते. लोहमार्गावरील काम शर्यतीचे नव्हे, हे खरे. तथापि चित्तस्थैर्य, यंत्राची जाण आणि क्षणात घ्यावयाचा निर्णय हे गुण दोहोंस समान आहेत, आणि स्त्रियांविषयीचा आक्षेप नेमका याच गुणांबद्दल होता.

प्रत्यक्ष शर्यतीतही हीच प्रक्रिया आता दिसू लागली आहे. पुण्याच्या डायना पुंडोळे यांनी २०२४ साली सलून मोटारींच्या वर्गात, पुरुषांसह झालेल्या स्पर्धेत, राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. असे विजेतेपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. ही स्पर्धा चेन्नईजवळील मार्गावर झाली. म्हणजे महाराष्ट्रातील स्पर्धकास सरावाकरिताही दूरचा प्रवास व मोठा खर्च सोसावा लागतो. हा अडसर पुरुषांनाही आहे, पण ज्यांच्या हाती घरची किल्ली उशिरा येते, त्यांना तो अधिक जाचतो. या विजयाच्या वृत्तांत दोन मुलांची आई हे विशेषण ठळकपणे आले. विजेत्या पुरुषाची अपत्ये मोजण्याची प्रथा नाही.

निष्कर्ष

स्त्री-चालकांविषयीचा पूर्वग्रह त्यांच्या अपयशाच्या पुराव्यावर उभा नव्हता. तो परीक्षेच्या अभावावर उभा होता. युरोपात नियमाने परीक्षा नाकारली, भारतात रूढीने ती येऊच दिली नाही, आणि स्वतंत्र स्पर्धांनी ती अंशतः पुढे ढकलली. जेथे एकच चढ, एकच घड्याळ आणि एकच नियम सर्वांना लागू झाला, तेथे आक्षेपाला आधार उरला नाही. यापुढील संशोधनाने किती स्त्रिया जिंकल्या एवढेच न मोजता, सुरुवातीच्या रेषेपर्यंत किती पोचल्या आणि उरलेल्या कोठे थांबविल्या गेल्या, याचा शोध घेणे अधिक फलदायी ठरेल.