शिळेपासून इंकजेट प्लेटपर्यंत : लहान मुद्रणालयापुढील निवड

स्निग्ध भाग शाई धरतो, ओला भाग ती नाकारतो, या तत्त्वावर आलॉइस झेनेफेल्डर याने 1790 च्या दशकाअखेर म्युनिकमध्ये शिळामुद्रण सिद्ध केले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये याच पद्धतीने मराठी पंचांग छापले. देवनागरीच्या जोडाक्षरांसाठी खिळ्यांचा मोठा संच लागे. शिळेवर लेखनिकाचे अक्षरच पुरे होई. निवड भांडवलाची होती, तशीच कामाच्या स्वरूपाचीही.

पुढे ऑफसेटमध्ये शिळेच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आली; मजकूर व प्लेट यांच्यामध्ये मात्र फिल्म शिरली. 1990 च्या दशकात लेझरवर चालणाऱ्या संगणक-ते-प्लेट यंत्रांनी ती वगळली, पण त्यांची किंमत लहान मुद्रणालयांना परवडणारी नव्हती. इंकजेट पद्धतीच्या एका प्रकारात प्रिंटर दाणेदार अ‍ॅल्युमिनियमवर विशेष द्रवाचे थेंब टाकतो व उष्णतेने ते पक्के होतात. हे तत्त्वतः झेनेफेल्डरचेच शाईग्राही चित्र होय; त्यामुळे यास केवळ ‘नवे तंत्र’ म्हणणे प्रस्तुत लेखकास अर्धसत्य वाटते.

थेंब पसरत असल्याने बारीक जाळीच्या रंगीत चित्रांत लेझर सरस ठरतो. पावतीपुस्तके, पत्रके, एकरंगी पुस्तके यांना इंकजेट पुरेसे आहे. तथापि यंत्राच्या अल्प किमतीवर भाळून चालत नाही. खास द्रव, प्लेटा आणि तुंबणारी छपाई-मुंडकी यांचा खर्च प्रत्येक प्लेटमागे मांडावा लागतो. तसेच चार रंगांच्या प्लेटा एकमेकींवर तंतोतंत बसतात की नाही, हे विक्रेत्याच्या नव्हे, स्वतःच्या कामाच्या नमुन्यावर पाहावे लागते.