हेग येथील आंतरराष्ट्रीय दंडन्यायाचे अल्पमुदती अध्यापन

युद्धगुन्हे, वंशविच्छेद आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांबद्दल राष्ट्राला नव्हे, तर व्यक्तीला जबाबदार धरणाऱ्या विधिशाखेचे, नेदर्लंड्समधील हेग या शहरी परदेशी विद्यार्थ्यांना काही आठवड्यांच्या मुदतीत दिले जाणारे शिक्षण. या अध्यापनाचा इतिहास काहीसा उलट्या क्रमाने घडला आहे. न्यायालय आधी आणि त्याचे शास्त्र मागाहून, असा सामान्य क्रम असतो. येथे मात्र वर्ग आधी भरले आणि न्यायालय सत्तर वर्षांनी आले.

हेगला हे स्थान १८९९ व १९०७ च्या शांतता परिषदांमुळे लाभले. पहिल्या परिषदेत स्थायी लवाद न्यायालयाची योजना संमत झाली आणि त्याच्या वास्तूसाठी अँड्रू कार्नेगी या अमेरिकन उद्योगपतीने १९०३ मध्ये १५ लक्ष डॉलर दिले. पीस पॅलेस या नावाने प्रसिद्ध असलेली ही वास्तू २८ ऑगस्ट १९१३ रोजी खुली झाली. तिच्या आवारात आंतरराष्ट्रीय विधीची अकादमी असावी, या कल्पनेचा पाठपुरावा डच विधिज्ञ टोबिआस आसर (१८३८–१९१३) यांनी केला. तथापि पहिले महायुद्ध सुरू झाल्याने प्रत्यक्ष वर्ग १९२३ च्या जुलैमध्येच सुरू होऊ शकले. उन्हाळी सुटीत काही आठवड्यांची व्याख्याने, निरनिराळ्या देशांतील अध्यापक, फ्रेंच व पुढे इंग्रजी या भाषा आणि शेजारीच ग्रंथालय, असे तिचे स्वरूप राहिले. अकादमी पदवी देत नाही. तिची पदविका कठीण परीक्षेनंतर मोजक्यांनाच मिळते. बहुसंख्य विद्यार्थी व्याख्याने ऐकून व एकमेकांशी वाद घालून परत जातात आणि या वादालाच अनेकांच्या लेखी अधिक मोल असते.

दंडन्यायाचा विषय या वर्गांत लवकरच आला. स्पॅनिश दंडविधिज्ञ किंतिल्यानो साल्दान्या यांनी १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय दंडन्यायावर व्याख्याने दिली. त्या वेळी असे न्यायालय कोठेच नव्हते. व्हर्सायच्या तहातील २२७ व्या कलमाने जर्मन सम्राट दुसरा विल्यम याच्यावर खटला चालविण्याचे ठरविले होते. परंतु तो नेदर्लंड्सच्या आश्रयास होता आणि त्याला स्वाधीन करण्यास डच शासनाने १९२० मध्ये नकार दिला. सम्राट १९४१ मध्ये मरण पावेपर्यंत त्याच देशात राहिला. ज्या भूमीवर हा विषय शिकविला जात होता, तिनेच पहिला आरोपी राखून ठेवला होता, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

दुसऱ्या महायुद्धात बंद पडलेले वर्ग १९४७ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या वर्षीच्या व्याख्यात्यांत न्यूरेंबर्ग खटल्यातील फ्रेंच न्यायाधीश आंरी दॉनद्यू द व्हाब्र होते. आपण नुकत्याच दिलेल्या निकालाची आधुनिक दंडविधीच्या तत्त्वांवर परीक्षा करणे, असा त्यांच्या व्याख्यानांचा विषय होता. जे कृत्य घडले तेव्हा विधीने गुन्हा ठरविलेले नव्हते, त्याबद्दल शिक्षा करता येते काय, हा त्यातील कळीचा प्रश्न होय. टोकिओ येथील खटल्यात हाच प्रश्न कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश राधाविनोद पाल यांनी उचलला आणि सर्व आरोपींना निर्दोष ठरविणारे भिन्न मतपत्र लिहिले. त्याच न्यायपीठावरील डच न्यायाधीश बेर्ट रोलिंग यांनीही अंशतः भिन्न मत दिले होते. रोलिंग १९६० मध्ये हेगच्या वर्गांत युद्धविधी शिकविण्यासाठी उभे राहिले. न्यायासनावरील मतभेद अशा रीतीने अभ्यासक्रमात उतरला. हे या परंपरेचे बलस्थान मानावे लागते, कारण जेत्यांचा न्याय हा आक्षेप येथे बाहेरून आलेला नाही.

२५ मे १९९३ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने ८२७ व्या ठरावान्वये भूतपूर्व यूगोस्लाव्हियासाठी न्यायाधिकरण स्थापिले व त्याचे ठाणे हेग येथे ठेवले. रुआंडासाठीचे न्यायाधिकरण (१९९४) टांझानियातील आरूशा येथे होते. वंशविच्छेदाबद्दल आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने दिलेला पहिला दोषनिर्णय त्याचाच (आकायेसू खटला, १९९८). परंतु जुनी अकादमी व ग्रंथालय यांची हेगसारखी जोड त्याला नव्हती. यूगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने १६१ व्यक्तींवर आरोप ठेवले. १७ जुलै १९९८ च्या रोम संविधीनुसार निर्माण झालेले स्थायी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयही २००२ पासून हेग येथेच आहे. त्यामुळे विद्यापीठांचे उन्हाळी वर्ग व अभ्याससहली यांची तेथे रीघ लागली. सकाळी व्याख्यान आणि दुपारी काचेपलीकडे चाललेला खटला, असा दिनक्रम शक्य झाला.

या निकटतेला मर्यादाही आहेत. साक्षीदाराच्या संरक्षणासाठी पडदे ओढले जातात, आवाज बदलून ऐकविला जातो किंवा सुनावणी बंद दाराआड होते. स्थायी न्यायालयाचा पहिला खटला, टोमास लुबांगा याच्यावरील, जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला व त्याचा निकाल मार्च २०१२ मध्ये लागला. स्लोबोदान मिलोशेविच याचा खटला चार वर्षे चालूनही ११ मार्च २००६ रोजी तो कोठडीत मरण पावल्याने निकालाविना संपला. तीन आठवड्यांच्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एवढ्या लांब प्रक्रियेतील एखादी उलटतपासणी येते. शिवाय ज्यांच्यावर अत्याचार झाले, ती गावे शेकडो वा हजारो किलोमीटर दूर असतात. न्यायालयाजवळ असणे आणि घटनेजवळ असणे या भिन्न गोष्टी आहेत.

स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५ मध्ये बोस्नियन मुस्लिम पुरुषांची कत्तल झाली, तेव्हा तेथील संयुक्त राष्ट्रांचे संरक्षक दल डच होते. सुमारे ३५० पुरुषांच्या बाबतीत डच राज्य १० टक्के नुकसानीस जबाबदार असल्याचा निर्णय डच सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. या न्यायालयाचे आसनही हेगमध्येच आहे. म्हणजे यजमान देशाच्या वर्तनाचा अभ्यासही विद्यार्थ्यास त्याच शहरात करता येतो, मात्र तो दिवाणी विधीच्या अंगाने.

भारतीय विद्यार्थ्याची स्थिती आणखी वेगळी आहे. रोम येथे १२० राष्ट्रांनी संविधीच्या बाजूने व सातांनी विरुद्ध मत दिले. तटस्थ राहिलेल्या २१ राष्ट्रांत भारत होता व त्यानंतरही तो संविधीत सामील झालेला नाही. सुरक्षा समितीला दिलेले अधिकार आणि अण्वस्त्रांच्या वापराचा गुन्ह्यांत न झालेला समावेश, हे भारताचे प्रमुख आक्षेप होते. स्वदेशाने न स्वीकारलेला विधी शिकताना त्याला पालांचे मतपत्र आणि हे आक्षेप एकत्र वाचावे लागतात.

यूगोस्लाव्हिया न्यायाधिकरण ३१ डिसेंबर २०१७ रोजी बंद झाले. त्याचे उर्वरित काम व दप्तर, सुरक्षा समितीने २०१० मध्ये निर्माण केलेल्या आणि आरूशा व हेग अशा दोन शाखा असलेल्या यंत्रणेकडे गेले. त्या खटल्यांच्या उघड सुनावणीतील साक्षी आता विद्यार्थी प्रेक्षककक्षात ऐकत नाहीत, तर लेखी नोंदींतून वाचतात.